पेव्हर ब्लॉकवरचे बांध

भावना शेजवळ आणि हरिचंद्र पावशे यांच्यात पहिल्या दिवशी अंतर होतं जेमतेम दोनशे फुटांचं. ते कापायला हरिचंद्रला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात एखादा माणूस बी.एड. करून, नोकरीला लागून, सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापक होऊन निवृत्तही झाला असता.

त्याचं असं झालं. उल्हासनगर कॅम्प एकमधून दोन शेअर रिक्षा बदलून भावना पालेगावच्या त्या नव्याकोऱ्या शाळेत रुजू व्हायला आली आणि मैदानाच्या मधोमध उभी राहून ऑफिसचा अंदाज घेऊ लागली. मैदान कसलं, पेव्हर ब्लॉकचा समुद्रच. गेटपासून पायऱ्यांपर्यंत लाल-करडी नक्षी, तीवर ना झाड ना दगड. सावली म्हणाल तर झेंड्याच्या खांबाची, तीही बोटभर. तेवढ्यात समोरून एक खाकी माणूस निघाला. हातात ट्रे, ट्रेमध्ये अकरा कप चहा. नाकासमोर तिच्याच दिशेने येत होता. भावनाने चेहऱ्यावर एक नम्र हसू तयार करून ठेवलं. वीस पावलांवर आल्यावर माणूस थबकला आणि बुद्धिबळातल्या हत्तीसारखा काटकोनात वळला. तीसेक पावलं डावीकडे गेला. पुन्हा वळला. मग चक्क उलटा, पायऱ्यांकडे. एका ठिकाणी त्याने उजवा पाय गुडघ्यापर्यंत उचलला आणि तिथे नसलेल्या कशावरून तरी पलीकडे टाकला. कपातला चहा डुचमळला नाही. भावनाचं हसू तीनदा सुकलं, चारदा ताजं करावं लागलं. अखेर तो हातभर अंतरावर पोचला तेव्हा चहावर अशी साय धरली होती की तिच्यावर पहिलीच्या पोरांना बाराखडी गिरवता आली असती.

"बाय," तो म्हणाला, "पान्यान काय उबी हायस? बांधाव ये."

भावनाने खाली पाहिलं. ब्लॉक कोरडेठाक होते, वर तापलेलेही. भावना बी.एस्सी. झालेली मुलगी. तिचे वडील सुदाम शेजवळ यांनी कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली होती आणि घरात एकच नियम पाळला होता: भूतखेत, गंडादोरा, देवऋषी काहीही असो, "दाखव, मग मानतो." अशा घरातली ही मुलगी त्या शिपायाच्या एका शब्दावर हातभर बाजूला सरकली. सरकताना तिने सलवार दोन्ही हातांनी वर धरली होती. ती भिजू नये म्हणून.

हे तिने का केलं ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. तेव्हा तिने स्वतःची समजूत घातली की उन्हाने डोकं फिरलं असणार.

शाळा उभी होती ती पावश्यांच्या भातशेतावर. जमिनीचा व्यवहार झाला तेव्हा घरटी एकाला शाळेत नोकरी द्यायची असं ठरलं होतं. चुलतभावांनी पैसे घेऊन टेम्पो घेतले, गाळे घेतले, एकाने तर लग्नांना भाड्याने द्यायला पांढरी घोडी घेतली. खाकी चढवली ती फक्त हरिचंद्रने. आगरी माणूस, जगातल्या झाडून सगळ्यांशी एकेरीत बोलायचा. पहिलीतलं पोर आणि ट्रस्टचे सेक्रेटरी मुकेशसेठ यांच्यात त्याने व्याकरणाचा काही फरक केला नव्हता. मुकेशसेठ उल्हासनगरचे सिंधी, फर्निचरच्या धंद्यातले. शाळेकडे ते दुकानाच्या शोकेसकडे पाहावं तसं पाहत: चकाकली पाहिजे आणि गिऱ्हाईक आत आलं पाहिजे. त्यांच्या काचेच्या केबिनीत शिरून हरिचंद्र म्हणायचा, "मुकेश, चाय घे. यो तुजा टेबल ना, आमच्या उकिरड्याव हाय. जाम खत व्हता हितं." मुकेशसेठ चहा घ्यायचे आणि खुर्ची जराशी सरकवायचे.

कारण हरिचंद्रच्या लेखी शाळेत वर्ग नव्हतेच. दारावर 'चौथी अ' लिहिलेलं असो नाहीतर 'सायन्स लॅब', तो त्या जागेला खाचराच्या नावाने हाक मारायचा. चौथी अ म्हणजे लांबोटी. लॅब म्हणजे उंबराखालचा. शिक्षकांची खोली म्हणजे म्हातारीचा कोन. "बाय, तुला म्हातारीच्या कोनान बोलवलाय," असा निरोप आला की नवीन शिक्षिका घाबरून पर्स धरायच्या. इमारतीखालून मैदानभर त्याची नऊ खाचरं पसरली होती, आणि खाचरं म्हटली की मध्ये बांध आले. बांध आले की माणूस बांधावरूनच चालणार. भाताची रोपं, आवण, लावलेल्या शेतातून तुडवत जायला तो काय म्हैस आहे?

शाळेत भावनाला मिळाला परिसर अभ्यास. त्याच्यासोबत, सर्वांत नवीन आल्याच्या गुन्ह्यासाठी, पर्यावरण मंडळही गळ्यात पडलं. आधीच्या बाईंनी मंडळाचं काम मोठ्या निष्ठेने केलं होतं. व्हरांड्याच्या भिंतीला प्लास्टिकचं गवत होतं. 'झाडे लावा' असं लिहिलेली एक्केचाळीस चित्रं होती आणि एक्केचाळीसही झाडांना बरोबर पाच सफरचंदं लागली होती. हरित दिनाला सगळे हिरवे कपडे घालून येत. स्टेजवर थर्माकोलचा वड उभा राहत असे. त्याच्या पारंब्या सुतळीच्या होत्या आणि त्याला मुलं पाणी घालतानाचे फोटो काढले जात. हरिचंद्र तो वड एका हाताने उचलून गच्चीवर नेऊन ठेवायचा. "हलका हाय," एवढंच म्हणायचा.

भावनाने मुलांना विचारलं, "तुमच्या घराजवळ कोणकोणते जीव दिसतात?" मुलं टॉवरमधली, नववा मजला, चौदावा मजला. उत्तरं आली: कबूतर, कबूतर, डॉगी, कबूतर.

दुसऱ्या दिवशी तिने हरिचंद्रला म्हटलं, "काका, मुलांना जरा सांगाल का, इथे आधी काय काय होतं?"

"आधी?" हरिचंद्रला शब्दच कळला नाही. "चल ना, दाखवतू."

आणि त्याने दाखवलं. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला चौथी अ ची वरात मैदानावर निघू लागली. हरिचंद्र पुढे, मागे एकामागोमाग एक एक्केचाळीस मुलं, सगळ्यांत शेवटी भावना. "हितं मोरी हाय, बांधातून पानी जायाची वाट, पाय उचल." एक्केचाळीस पाय उचलले जायचे. "ह्या भोकान मुठा ऱ्हातो. चिंबोरीचा बारका भाऊ. हात घालशील तं बोट ठेवून येशील." मुलं बोटं मुठीत लपवायची. "तो ढोक बग, बगल्याचा मोटा भाऊ. गप उबा हाय, पन झोपला नाय. तुमच्या हेडमास्तरसारका नाय तो." मुलं पोट धरून हसायची आणि मग खरंच ढोक पाहायची, पाहताना त्यांच्या माना एकाच उंचीवर, एकाच दिशेने वळायच्या. भावना त्या दिशेला पाहायची. तिथे पाण्याची टाकी होती.

तिला वाटलं, चला, कल्पनाशक्ती वाढतेय. वहीत तसं तिने लिहूनही ठेवलं.

दिवाळीनंतर मुलं शुक्रवारची वाट पाहीनाशी झाली. ती रोजच बांधावरून चालू लागली. सुट्टीत घंटा झाली की बाकीचे वर्ग मैदानावर उधळायचे आणि चौथी अ मात्र काटकोनांत धावायची. पकडापकडी खेळतानाही. खेळाचे सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या वर्गाला रिलेत घेऊ शकत नाही. वळतात." चौदाव्या मजल्यावरची रिद्धी, दोन वेण्यांची, गंभीर, बोलण्यात निम्मं हिंदी, एके दिवशी भावनाच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "टीचर, प्लीज हटो ना. तुम्ही रोपांवर उभ्या आहात."

भावना हटली.

मग तो डिसेंबरातला बुधवार आला. हरिचंद्र दोन दिवस रजेवर होता. बदलापूर गावात कुणा नातेवाइकाचं दिवसकार्य होतं. खेळाचे सर आजारी, म्हणून तास भावनाकडे आला. मुलांनी आंधळी कोशिंबीर मांडली. रिद्धीच्या डोळ्यांवर भावनाची ओढणी बांधली, तीन गिरक्या दिल्या आणि सोडली. रिद्धी हात पसरून हसत धावली, आणि एका जागी, ब्रेक लावावा तशी थांबली. काटकोनात वळली.

भावनाला गंमत वाटली. तिने खिशातला खडू काढून तिथे रेघ मारली. पुढचा सम्यक. त्याला पाच गिरक्या, वर दोन धपाटे. सम्यक नेमका त्या रेघेवर थांबला आणि वळला. तिसरी चिमी. चिमीला भावनाने मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडलं आणि स्वतः रेघेपलीकडे उभी राहून हाक मारली, "चिमी, इकडे, माझ्याकडे! सरळ ये!"

चिमी रेघेपाशी थांबली. ओढणीखालचं तोंड वैतागलेलं. "सरळ कसं येऊ टीचर? मोरी आहे ना. आज पाणी जास्त आहे."

मैदानावर एकदम शांत झालं होतं. बाहेर रस्त्यावर सिमेंटच्या मिक्सरची गाडी चालू असावी. तिचा आवाज येईनासा झाला होता. भावनाने ओढणी सोडवून घेतली आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधली. वडिलांचा नियम तिला आठवत होता. दाखव, मग मानतो. एक्केचाळीस मुलांनी तिला मोठ्या आस्थेने तीन गिरक्या दिल्या. ती चालू लागली. सहा पावलं टाकली, सातवं उचललं आणि ते खाली टेकवेना. तळव्याला गार लागत होतं. खाली काहीतरी वाहत होतं, बारीक, न बोलता, आणि चिखलाचा तो आंबूस वास आला जो कॅम्प एकमध्ये जन्म काढलेल्या मुलीने कधी घेतलेला असणं शक्य नव्हतं.

तिने ओढणी ओढून काढली. चपलेच्या टोकाशी खडूची रेघ होती.

घरी सुदामरावांनी विचारलं, "काय गं, आज गप्प?" ती म्हणाली, "खेळाचा तास होता, दमले." आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी पुरावा लपवला.

जानेवारीत तक्रार आली. रिद्धी घरच्या टॉवरच्या पार्किंगमधून सरळ चालेना. लिफ्टसमोर उभी राहून म्हणाली, "मम्मी, यहाँ भी किसी का खेत होगा ना? किसका है? कोणाला विचारायचं?" आई चरकली. तिने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ग्रुपने इतर ग्रुपांवर टाकलं, आणि संध्याकाळपर्यंत बातमी अशी झाली होती की पालेगावच्या शाळेत शिपाई मुलांना जादूटोणा शिकवतो, तोही परिसर अभ्यासाच्या तासाला.

मुकेशसेठनी भावनाला बोलावलं. केबिनीत हरिचंद्र नव्हता, पण खुर्ची उकिरड्यापासून सरकवलेलीच होती.

"साईं, मी सिधी बात सांगतो," मुकेशसेठ म्हणाले. "भूतवाल्या स्कूलमध्ये ॲडमिशन कोण घेणार? कोणी नाही. पण पुढच्या मंगळवारी ते निसर्गवाले येतायत ना, मुलांकडून फॉर्म भरून घ्यायला?"

येणार होते. मुलांचं निसर्गाशी नातं किती घट्ट आहे हे मोजणारी कुठलीशी संस्था होती. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या तीस शाळा निवडल्या होत्या.

"त्यात आपली स्कूल फर्स्ट आली तर मी पेरेंट्सला बोलेन, देखो भाई, हा शिपाई नाही, हा आमचा नेचर एक्स्पर्ट आहे. मग काका इथेच. नाही आली तर बदलापूर गावच्या ब्रँचला टाकतो. काढत नाही हां, टाकतो. मी पण माणूस आहे." मग आवाज खाली आणून, "मुलांना जरा समजावून ठेवा. काय लिहायचं ते."

हरिचंद्रच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. तेवढी इथे काढली असती तर काय झालं असतं, आणि बदलापूरला काढली तर काय बिघडलं असतं? पगार तोच. काम तेच. भावना रविवारी दुपारी हेच समजवायला त्याच्या घरी गेली.

घर तीन मजली होतं, मोरपंखी रंगाचं, वर 'सखू-हरी निवास'. आत फरशी अशी गुळगुळीत की पाहुणा पाय जपून टाकी. दार उघडलं सखूने, हरिचंद्रच्या बायकोने. तिने भावनाला एका नजरेत तोललं.

"तूच का ती बाय? सलवार उचललीस ती?"

भावना लाजली. सगळ्या पालेगावाला ठाऊक होतं तर.

"बस. ह्यो बग तुजा काका. इतका मोटा घर बांदला, त्यान पन सरळ चालंल तं शप्पत. सोप्यावरून बाथरूमला जायला त्याला धा मिनटा लागतान. एकदा तर," सखूने पदर तोंडाला लावला, "एकदा तर पोचलाच नाय."

"गप ग," हरिचंद्र म्हणाला.

चहा झाला. भावनाने सगळं सांगितलं: तक्रार, मंगळवार, बदलापूर. शेवटी म्हणाली, "काका, बदलापूरचीही शाळाच आहे. मुलं तिथेही आहेत."

हरिचंद्रने रिकामी बशी हातात घेतली. मग बोलू लागला, आणि सखू उठून आत गेली. तिने हे ऐकलेलं असावं. किंवा तिला ऐकायचं नसावं.

"जेसीबी आला, मशीनवाला परमुलखातला व्हता, बाय. शेत पडीक, गवत मांडीइतका. त्याला बांध कसा दिसंल? आनि बांध फोडल्याबिगर जमीन सपाट होत नाय. मुकादम बोलला, हरिचंद्र, तुला ठावं हाय ना सगला? मंग तू पुढं चाल. तू चालशील तसा मशीन मांगं येल." त्याने बशी खाली ठेवली. "मी चाललू. नव खाचरांचा येक येक बांध चाललू. मी पुढं, मशीन मांगं. पाऊल उचलला का मांगं बांध गेला. तीन दीस चाललू. आजाने घातलेला बांध व्हता, त्याच्या आजाने. येकदा पन मांगं वलून बगतला नाय."

आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"मग आता?"

"आता परत चालतंय." त्याने भावनाकडे पाहिलं. "बांध मातीनं ऱ्हात नाय, बाय. पावलानं ऱ्हातो. मानसा चालली का तो टनक होतो. चालाचा बंद केला, मोडला. मोडला का पानी गेला. आता पोरा चालतान तं बरा वाटतं. पन पोरा म्हंजे हलकी. वजन मानसाचा लागतं."

भावना परतताना गल्लीतून चालली तेव्हा तिला पाऊल टाकण्याची चोरी झाली. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी पुढे चाललेला असणार.

मंगळवारी संस्थेचा माणूस आला. दिपेश नाव. खांद्याला कापडी झोळी, पाण्याची बाटली स्टीलची, दंतमंजनसुद्धा लाकडी डबीत ठेवणारा वाटावा असा निर्मळ. तीसपैकी ही त्याची बाविसावी शाळा होती आणि थकवा चष्म्याच्या काचांवर साचला होता. एका शाळेत मुलांनी आवडत्या नदीचं नाव म्हणून मॉलमधल्या कारंज्याचं नाव लिहिलं होतं.

मुकेशसेठनी सकाळीच हरिचंद्रला घंटेखाली उभं केलं होतं. "काका, आज हलायचं नाही. चार वाजेपर्यंत खांब बनायचं." हरिचंद्र खांब बनला होता.

भावनाने मुलांना काहीच पढवलं नाही. सोमवारची रात्र तिने 'शेत आहे' आणि 'शेत नाही' ही दोन उत्तरं घोळवण्यात घालवली होती आणि एकही तिच्या बापाच्या घरात उभं राहिलं नसतं. फॉर्म वाटताना ती एवढंच म्हणाली, "जे खरं आहे तेच लिहा." तिला मनापासून वाटत होतं की खरं पुरेसं आहे. चाळीस जीवांची नावं ज्यांना ठाऊक आहेत अशी मुलं या पट्ट्यात दुसऱ्या कुठल्या शाळेत होती?

मुलांनी मान खाली घालून लिहिलं. दिपेश फॉर्म गोळा करता करता चाळू लागला. पहिल्या चारांवर तो खूश झाला. दहाव्यावर त्याने चष्मा पुसला. विसाव्यावर तो उठून उभा राहिला.

'मी शेतात, रानात किंवा ओढ्याकाठी जातो: कधीच नाही, कधी कधी, रोज.' एक्केचाळीस मुलांनी 'रोज'वर खूण केली होती. 'तू प्रत्यक्ष पाहिलेले पाच जीव लिही.' मुठा, ढोक, धामण, पाणकोंबडी, बेडूक. एक्केचाळीस वेळा. 'कुठे पाहिलेस?' शाळेत. 'शेवटचं कधी पाहिलंस?' आज. फक्त सम्यकने 'आत्ता' लिहिलं होतं. तो खिडकीजवळ बसायचा.

"मॅडम," दिपेश हळू आवाजात म्हणाला, "जवळपास शेत आहे का?"

भावनाने उत्तर देण्याआधी रिद्धी उभी राहिली. "है ना, दादा. चला, दाखवते."

वर्ग उठला. रांग आपोआप लागली. पुढे रिद्धी, तिच्या मागे झोळीवाला दिपेश, मागे चाळीस मुलं. भर उन्हात ती रांग मैदानावर उतरली आणि काटकोनांत वळू लागली. "पाय उचला दादा, मोरी आहे." दिपेशने पाय उचलला. "इथे हात नका घालू." त्याने हात मागे घेतला. "अब रुको." तो थांबला. आजूबाजूला एकही आवाज नव्हता. एक्केचाळीस मुलांच्या माना एकाच दिशेने वळल्या, टाकीच्या दिशेने, आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत वर गेल्या, उडणाऱ्या कशाच्या तरी मागे.

दिपेशचीही मान वर गेली. अर्ध्यावर त्याने ती सावरली. तो खाली वाकला आणि बूट पाहू लागला. बुटांना काही लागलं नव्हतं. तरी त्याने ते ब्लॉकच्या कडेला दोनदा घासले.

घंटेखाली हरिचंद्र उभा होता. हलला नव्हता. त्याचे ओठ तेवढे पुटपुटत होते. बहुधा पावलं मोजत होते.

दिपेश भावनाकडे आला. तो रागावलेला नव्हता, हेच वाईट होतं. "मॅडम, मला मदत करा. हे नाटक बसवलंय का? किंवा कल्पनाविस्तार, असं काही? तसं असेल तर मी शेरा मारतो, बाकीचे प्रश्न मोजणीत धरता येतील. गुण चांगलेच आहेत." त्याने पेन काढलं. "फक्त सांगा की इथे शेत नाही. हे मुलांनाही माहीत आहे."

गुण चांगलेच होते. फक्त एक वाक्य बोलायचं होतं. काचेच्या केबिनीतून मुकेशसेठ दोन्ही अंगठे वर करून दाखवत होते. मुलं रांगेत, बांधावर, तिच्याकडे पाहत उभी होती. भावनाने तोंड उघडलं आणि तिला जाणवलं की आपण स्वतः कुठे उभ्या आहोत. येताना, दिपेशकडे पाहत घाईने, तीही वळत वळत आली होती.

"ते रोज जातात," ती म्हणाली.

"कुठे?"

"शेतात."

दिपेशने फॉर्म झोळीत सारले. मग पेनाला टोपण लावलं.

मार्चमध्ये अहवाल आला. शाळेचा उल्लेख त्यात शेवटून दुसऱ्या पानावर होता: एका शाळेचे एक्केचाळीस प्रतिसाद विश्वसनीय न वाटल्याने मोजणीतून वगळण्यात आले. मुकेशसेठनी भावनाला काही म्हटलं नाही. फक्त दोन दिवस तिच्या नमस्काराला त्यांनी साईं म्हटलं नाही. हरिचंद्रचा बदलीचा कागद पाडव्याच्या आधी निघाला. शेवटच्या दिवशी त्याने चहा दिला, घंटा दिली, नऊही खाचरांना फेरी घातली. त्याला एक तास लागला. गेटजवळ भावना उभी होती. तिला म्हणाला, "बाय, वेल मिलंल तवा चाल. दोन-चार पावला टाकलीस तरी बास."

ती चालली. मधल्या सुट्टीत, वह्यांचा गठ्ठा घेऊन, कुणी पाहत नाहीसं बघून, रोज चालली. नवा शिपाई एजन्सीचा होता, चटपटीत, चहा गरम पोचवायचा. तो मैदान तिरकं ओलांडायचा तेव्हा चौथी अ ची मुलं सुरुवातीला डोळे मिटून घ्यायची. नंतर मिटेनाशी झाली. परीक्षा झाली, सुट्टी लागली, मुलं पाचवीत वरच्या मजल्यावर गेली. जुलैमधल्या एका दुपारी रिद्धी जिन्यावरून खाली आली. वेण्या जाऊन केस कापलेले. भावनाच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "टीचर, पाणी गेलं."

"कुठून?"

"उंबराखालच्यातून. बांध गेला." मग भावनाला नजरेने तोलून, "तुम्ही हलक्या आहात ना."

हरिचंद्र पावशे आता बदलापूर गावच्या शाखेत दुसऱ्या मजल्यावर झेरॉक्सच्या मशीनवर बसतो, चालावं लागत नाही. मशीन नवीन आहे. मिनिटाला पस्तीस प्रती काढतं.